एका हाताचा चक

आमच्या काकांनी आयुष्यभर बस चालवली. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आतच पक्षाघाताचा झटका आला, डावा हात संपावर गेला. तो हात वस्तूवर टेकतो, पण आवळून धरत नाही. तेव्हापासून शर्टाची बटणं काकू लावते, नखं काकू कापते, बाटलीचं झाकणही तीच उघडते. हे सगळं ती न कुरकुरता करते. कुरकुरीचं खातं काकांनी स्वतःकडे ठेवलं आहे.

अशा माणसाने लाकूड कातायचा लहानसा लेथ घरी आणला. "काका, दुसरा हात भाड्याने आणणार का?" मी विचारलं.

"एक वाडगा करायचाय," ते म्हणाले. "एकच. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत माझा."

"एका हाताने टाळी वाजत नाही हो," काकू म्हणाली.

"टाळ्या तू वाजव ना! मी वाडगा करतो."

वाडगा आतून कोरायचा तर लाकूड बुडाकडूनच धरावं लागतं. धरणारा तो चक, म्हणजे चार जबड्यांची पोलादी मूठ. तो घ्यायला आम्ही तिघं दुकानात गेलो. नवशिक्यांसाठी म्हणून दुकानदाराने एक हलका चक पुढे केला. त्याला दोन दांड्या होत्या. एक इकडे, एक तिकडे ढकलली की जबडे आवळायचे.

काकांनी डावा हात खिशात घातला आणि उजव्याने एक दांडी ढकलली. दुसरीही तिच्यामागून फिरली. चक जागच्या जागी गोल फिरत राहिला.

"दुसरी मी धरेन की," काकू म्हणाली.

"म्हणूनच हा नको."

मग त्यांची नजर फळीवरच्या सगळ्यात मोठ्या चकावर गेली. ड्रायव्हरच तो, मोठं दिसलं की जीव रमतो. त्या चकाला बाजूने चावी होती. एका हाताने फिरवली की चारही जबडे एकदम जवळ यायचे. काकांचा चेहरा उजळला.

"साहेब, तुमच्या लेथपेक्षा हाच जड," दुकानदार म्हणाला. "सशाच्या पाठीवर हौदा बांधल्यासारखं होईल. मशीन थरथरेल." मग त्याने आतून मधल्या मापाचा, चावीचाच चक आणून दिला. तो लेथच्या आट्यांवर बसेल ना, हेही आम्ही विचारून घेतलं. खिशातला हात बाहेर न काढता काकांनी तो चक तीनदा उघडला, मिटला आणि मगच होकार दिला.

घरी आणखी एक अडचण निघाली. एक हात चावीवर, मग लाकूड कोण धरणार? काकू दारातच उभी. "धरू का?"

काकांनी बराच वेळ लेथकडे पाहिलं. मग लेथचा मागचा टोकदार आधार पुढे सरकवला आणि त्याच्या रेट्याने लाकूड जबड्यांवर दाबून ठेवलं. हात मोकळा झाला. चावी घातली आणि बसच्या चाकाचे नट आवळावेत तशी आवळली. कडाड! लेथ सुरू व्हायच्या आधीच जबड्यांत धरलेला लाकडाच्या बुडाचा खुंट चिरला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूने डोळे वटारले. यावेळी तिने "धरू का?" विचारलं नाही. उलट दार ओढून घेतलं आणि मला घेऊन ओट्यावर बसली. बसली म्हणजे काय, हात मांडीवर ठेवायचे कसे, हेच विसरल्यासारखी. लेथ घुमला की कान टवकारायची, थांबला की अर्धी उठायची.

"त्यांनी हाक मारली तर?" मी विचारलं.

"तर जाईन. नाही मारली, तर जमतंय म्हणायचं."

दोन दिवस हाक आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली. काकू धावत आत गेली, पदर खोचत. "काय धरू?"

चकात वाडगा होता. एका अंगाला जाड, आतून जरा खडबडीत. काका भुशाने पांढरे झालेले.

"काही धरू नकोस," ते म्हणाले. "नुसती बघ."

तिला तेवढंच जमेना. तिने त्यांच्या भुवयांवरचा भुसा पुसला. त्यांनी तो पुसू दिला.