पहिली चार अक्षरं

त्या दुष्काळी वर्षांत शहर पैठण रस्त्यानं पसरत चाललं होतं आणि पाण्याचे टँकर नव्या कॉलन्यांमागं धावत होते. मी क्रांती चौकातल्या एका संगणक दुरुस्तीच्या दुकानात होतो. दुकानाच्या मालकीणबाईंना आम्ही ताई म्हणायचो. काम मी त्यांच्याकडूनच शिकलो.

एकदा चितेगावहून मायलेकी आल्या. आई जयंतीच्या कार्यक्रमांत स्वतः रचलेली गाणी म्हणायची. गळ्याच्या ऑपरेशननंतर तिच्याकडं नुसती कुजबुज उरली होती. कंपनीत पॅकिंगला असलेल्या लेकीनं ती गाणी छोट्या रेकॉर्डरवर घेऊन घरच्या संगणकात ठेवली होती, पण सारखी लाईट जाऊन डिस्क बिघडली.

ताईंनी डिस्कमधून ढीगभर फायली बाहेर काढल्या. नावं मात्र सगळ्यांचीच पुसली गेली होती. मी एकेक उघडून बघायला बसलो, तर त्यांनी थांबवलं आणि काळ्या पडद्यावर ‘फाईल’ नावाची कमांड दिली. ती नावाला भुलत नाही, त्या सांगत होत्या. फायलीच्या सुरुवातीची अक्षरं वाचून आपल्याजवळच्या नियमांशी ताडून बघते. अमुक जागी अमुक खूण असली तर फोटो, दुसरी असली तर पीडीएफ. ओळी सरसर उतरल्या. फोटो, कागदपत्रं ओळखू आली. बऱ्याच फायलींपुढं मात्र नुसतं ‘डेटा’ आलं, म्हणजे ओळख पटली नाही. मी आशा सोडली.

ताईंनी लेकीला तो रेकॉर्डर आणायला सांगितलं. मायलेकी तो घेऊन आल्यावर ताईंनी त्यावर स्वतः दोन वाक्यं बोलून नवी फाईल केली आणि तिची सुरुवात तपासली. पहिली चार अक्षरं ही त्या यंत्राची स्वतःची खूण होती. कमांडला ती ठाऊक नव्हती. ताईंनी त्या खुणेसाठी एका ओळीचा नियम लिहिला: सुरुवातीलाच ही अक्षरं दिसली, तर म्हणायचं ‘आईचं गाणं’.

कमांड पुन्हा चालवली. ‘डेटा’च्या जागी एकाखाली एक ‘आईचं गाणं’ उमटत गेलं. मी बघतच राहिलो. जी ओळख कमांडला कुणी शिकवली नव्हती, ती ताईंनी एका ओळीत शिकवली होती.

फायली रेकॉर्डरवर परत घालून ताईंनी बटण दाबलं. आईचा पूर्वीचा खणखणीत आवाज दुकानभर घुमला. आई मांडीवर बोटांनी ताल धरून ऐकत होती. मधेच लेकीचा हात धरून ती कुजबुजली, “हे कडवं तं मी इसरूनच गेले व्हते. आता तू पाठ कर.”

त्या वर्षीच्या जयंतीला लेक गायली. ताई आणि मी ऐकायला गेलो होतो. तिचा आवाज आईपेक्षा पातळ होता, दुसऱ्या गाण्यात थोडा कापलाही, पण तिनं सगळी कडवी म्हटली.