साडूभाऊ ट्रेलर ओढतात

माझ्या साडूंच्या शेजारी बसून प्रवास केलेला प्रत्येक माणूस सुखरूप उतरतो, पण उतरताना तो मृत्युपत्राचा विचार करत असतो. साडूंनी आजवर एकही अपघात केलेला नाही. कुवेतच्या रस्त्यांवर इतकी वर्षे काढून त्यांच्या बंपरला ओरखडाही नाही, हे अहमदीच्या तेलनगरीतले त्यांचे सहकारीसुद्धा मान्य करतात. तरीही नुसती पार्किंगमधून गाडी बाहेर काढताना ते असा चेहरा करतात की मागे बसलेली मंडळी आपोआप गप्प होतात.

ते मूळचे नाशिकचे, तेल कंपनीत तपासणी विभागात इंजिनियर. कुठला पाइप आतून झिजला आहे, कुठला वेल्ड पुढेमागे तडकेल, हे आधी ओळखायचे हे त्यांचे काम. उभे आयुष्य ते केल्यावर त्यांना वस्तू दिसेनाशा झाल्या. त्या कुठे मोडतील त्या जागाच फक्त दिसू लागल्या. कोणाकडे जेवायला गेले की ते आधी यजमानांच्या गाडीशेजारी उकिडवे बसतात आणि टायरवर छापलेली तारीख वाचतात. इथल्या उन्हात रबर न वापरताही म्हातारे होते, असे त्यांचे म्हणणे. एकदा एका घरी बारशाला गेले असताना पाळण्यात वाकून बघत ते बाळाच्या बापाला म्हणाले, "गोड आहे. पण तुमचं पुढचं डावं टायर याच्या थोरल्या बहिणीपेक्षा मोठं आहे." त्याच बारशात श्रीखंडाच्या वाटीत चमचा उभा करून त्यांनी मला ट्रेलरचे शास्त्र समजावले. वजन पुढे असले की ट्रेलर गाडीमागे मुकाट येतो. मागे गेले की शेपूट हलवू लागतो, आणि एकदा का शेपूट जोरात हलले की ते गाडीलाही हलवते.

अशा माणसाने जुना पिकअप आणि त्याला जोडायचा झोपायच्या सोयीचा ट्रेलर का घ्यावा, याचे उत्तर माझ्या मेहुणीत आहे. ताई इथल्या सरकारी इस्पितळात नर्स. ड्युटी, घर, पुन्हा ड्युटी यात तिची सगळी वर्षे गेली. हिवाळ्यात कुवेती कुटुंबे वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातात, ते तिने दरवर्षी इस्पितळाच्या बसच्या काचेतून पाहिले. आता दोघांची नोकरी संपत होती, उन्हाळ्यात कायमचे नाशिकला जायचे ठरले होते. ताईने नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि तीही भाजी निवडता निवडता. "जायच्या आधी एक रात्र तिथे झोपायचंय. छपराखाली नाही, बाहेर."

साडूंनी नाही म्हटले नाही. त्यांनी तयारी सुरू केली, आणि ते जास्त चिंताजनक होते. अर्दियाच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी पिकअपचा मागचा हुक काढून पुन्हा बसवून घेतला. ट्रेलरचे टायर बदलले. जोडणीच्या खाली साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या ओवल्या. ट्रेलरचे स्वतंत्र ब्रेक लावायला स्टिअरिंगजवळ एक हाताची खटकी बसवली. ट्रेलरच्या पुढच्या जोडदांड्याचा गाडीवर किती भार येतो ते मोजायला ताईचा न्हाणीघरातला वजनकाटा नेला, तो परत आलाच नाही. सरावासाठी ते रिकामा ट्रेलर घेऊन वस्तीत फिरत आणि दर थोड्या अंतरावर उतरून चाकांच्या मध्यावर हाताची पालथी बाजू लावत. तापलेल्या मुलाच्या कपाळाला ताई लावते, तशी. तिच्याकडूनच शिकले असावेत.

दरम्यान हिवाळा सरत होता. एक शुक्रवार वाऱ्यामुळे गेला. दुसरा एका नटामुळे गेला. तो सैल नव्हता, पण साडूंना तो सैल होईलसा वाटला. तिसऱ्या वेळी तर सगळे गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली काढून घेतली आणि कारण सांगितले नाही. ताई डबे उचलून घरात गेली. सरकारी नियमाने वाळवंटातले तंबू उठायला एकच आठवडा उरला, तेव्हा माझ्या बायकोने त्यांना फोन करून सांगितले की भाऊजी, आता नाही तर नाहीच. साडू म्हणाले, "माहीत आहे. म्हणूनच झोप लागत नाही."

अखेर निघालो. साडूंच्या एका कुवेती सहकाऱ्याने आपल्या तळाशेजारी जागा दिली होती, जहरा गावाच्या पुढे. पुढे साडू आणि मी, मागे दोघी बहिणी. जहरामध्ये एका दुकानात कारकुनी करणारे कोकणातले एक स्नेही राहतात. त्यांच्या दारावरून जायचे आणि चहा घ्यायचा नाही, हे शक्य नव्हते. आम्ही चहा पीत असताना खाली स्नेह्यांच्या पत्नीने ट्रेलरच्या मागच्या दारातून 'थोडंसं काही' ठेवले. साडू खाली आले. त्यांनी साखळ्या पाहिल्या, दिवे पाहिले, चाकांना हात लावला, आणि मागच्या दाराशी येऊन थांबले. वहिनी शेजारीच हसतमुख उभ्या होत्या. कोणी प्रेमाने दिलेले त्याच्यासमोर उघडून बघायचे नाही, ही शिस्त साडूंना आईने लावलेली. आयुष्यभर एकही पाइप न सोडणाऱ्या त्या माणसाने ते दार तेवढे सोडले.

गाव मागे पडले, रस्ता मोकळा झाला, आणि एक लांबलचक ट्रक आम्हाला घासून पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलर आधी उजवीकडे सरकला, मग डावीकडे, मग आणखी जोरात उजवीकडे. पिकअपचा मागचा भाग त्याच्यासोबत ओढला जाऊ लागला. माझी बायको काहीतरी म्हणाली.

"कोणी बोलू नका," साडू म्हणाले. आवाज अगदी हलका होता. त्यांनी ब्रेकला पाय लावला नाही. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरले आणि हाताची खटकी हळूहळू दाबली. मी त्यांच्याकडे पाहिले. चेहऱ्यावरची नेहमीची काळजी नव्हती. ज्याची इतकी वर्षे वाट पाहिली ते समोर आले होते आणि त्यांना ते ओळखीचे होते. ट्रेलर दोनदा हलला, एकदा कमी हलला, आणि मागे मुकाट येऊ लागला.

कडेला थांबल्यावर मात्र त्यांना गाडीचे दार उघडता येईना, कडी दोनदा हातातून निसटली. मी उघडले. ट्रेलरच्या अगदी शेपटाशी पाण्याचे मोठे कॅन, कोळशाचे पोते आणि चादरीत गुंडाळलेला दगडी पाटा-वरवंटा निघाला. साडूंनी वहिनींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, वाळवंटात मिक्सर कुठला चालणार? चटणी कशावर वाटाल?" साडूंनी आभार मानून फोन ठेवला.

मग ते परत फिरू म्हणाले. ताई रस्त्यापलीकडच्या वाळूकडे बघत होती. ती म्हणाली, "अहो, परत जायला हाच रस्ता आहे. हेच ट्रक आहेत. मग पुढेच जाऊ या."

साडूंनी त्यावर खरोखर विचार केला. हिशेब बरोबर निघाला असावा. त्यांनी सगळे वजन उचलून चाकांच्या पुढे लावायला घेतले, पाटा स्वतःच्या हातांनी, आणि न्हाणीघरातला काटा जोडदांड्याखाली सरकवला. एक कुवेती गृहस्थ मदतीला थांबले होते. "मुश्किला?" त्यांनी विचारले. "मुश्किला नही. वजन," साडू काट्यावरून नजर न काढता म्हणाले. गृहस्थांनी एकदा काटा पाहिला, एकदा साडूंना पाहिले, आणि सलाम करून निघून गेले.

उजेड असतानाच पोहोचलो. ताईने पाट्यावर खोबऱ्याची चटणी वाटली. ट्रेलरमधली गादी तिने बाहेर वाळूवर ओढली आणि सकाळी ऊन अंगावर येईपर्यंत ती तिथे झोपली होती. साडू पिकअपमध्ये झोपले, पट्टा लावून. ट्रेलरमध्ये कोणीच झोपले नाही.

उन्हाळ्यात मी दोघांना विमानतळावर सोडायला गेलो. ट्रेलर आणि पिकअप विकले गेले होते. गाडी माझी होती आणि चालवतही मीच होतो. साडूंनी माझ्या वेगावर एक शब्द काढला नाही. ते वाटभर त्यांच्या बाजूच्या आरशात बघत होते.

"मागे काही नाही, साडूभाऊ," मी म्हणालो.

"माहीत आहे," ते म्हणाले. मागच्या सीटवरून ताईने हात पुढे करून त्यांच्या कपाळाला पालथा लावला, क्षणभर ठेवला आणि काढून घेतला. ते आरशातच बघत राहिले. मी वेग थोडा कमी केला.