वकीलबाईने पटवलेला कर

अख्खी गल्ली तिला वकीलबाई म्हणायची. कोर्टाची पायरी ती जन्मात चढली नव्हती. इस्पितळाच्या कपडेखोलीत फाटक्या चादरींना ठिगळं लावण्यात तिची सव्वीस वर्षं गेली. पण कुणाला नोटीस आली, कुठला अर्ज भरायचा असला, की माणसं तिचंच दार वाजवत, आणि तीही चष्मा पुसून कागद असा वाची की कागदालाच घाम फुटावा.

शहराचे सहा विभाग. तिचा सगळ्यात खालचा, रंगाच्या कारखान्याला चिकटलेला. सगळ्यात वरचा टेकडीवरचा. घरपट्टी बंद करायची आणि त्याऐवजी प्रत्येक विभागाने आपल्या रहिवाशांच्या कमाईवर कर घ्यायचा, अशी टूम निघाली आणि त्यावर मतदान ठरलं. ज्याची कमाई मोठी त्याने जास्त द्यावं, हे वकीलबाईला मनापासून पटलं. पाळी संपली की सुजलेल्या पायांनी ती दारोदार फिरू लागली.

तिचा दीर टेकडीवरच्या एका मालकाची गाडी चालवायचा. तो म्हणाला, "वहिनी, आमचा मालक पगार घेतो असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मग खातो काय, हवा?"

"गाडी कंपनीची, पेट्रोल कंपनीचं, बंगला बायकोचा. कागदावर तो माझ्यापेक्षा गरीब आहे."

"खाल्ल्या मिठाला जागताय भावजी," ती म्हणाली. तो चहा संपवून निघून गेला.

कर मंजूर झाला. तिच्या गल्लीने तर जवळजवळ एकमुखाने होकार दिला होता.

पूर्वी तिच्या दोन खोल्यांची मिळून एकच घरपट्टी, तीही किरकोळ. आता घरात पगार तीन, तिचा, मुलाचा आणि सुनेचा, आणि तिन्हींना कात्री. शिवाय प्रत्येक विभागाने आपला खर्च आपणच भागवायचा. टेकडीवर बडे पगारदार बरेच, त्यामुळे तिथे शेकडा दोनात भागलं. इथे पगार तुटपुंजे आणि गटारं तुंबलेली. इथला दर शेकडा सात.

नळावर गॅरेजवाल्याची बायको म्हणाली, "तुम्ही समजावून सांगितलंत म्हणून हो म्हटलं आम्ही." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

वकीलबाई विभाग कचेरीत जाऊन कारकुनापुढे बसली. "टेकडीवरच्या मालकलोकांना कर का नाही?"

कारकुनाने जाडजूड पुस्तिका तिच्यापुढे सरकवली. "कलम चार वाचा बाई. उत्पन्न म्हणजे पगार आणि दुकानधंद्याचा नफा. शेअर्स, ठेवी वगळल्यात. मतदानाआधी महिनाभर ही पुस्तिका इथे टेबलावर पडून होती."

तिने फक्त प्रचाराचं पत्रक वाचलं होतं. दोन रंगांत छापलेलं, एकाच पानाचं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला असता तर सोसलं असतं. तिने तो सगळ्या गल्लीच्या पायावर मारला होता.

दुसऱ्या वर्षी ज्यांना जमलं ते पुलापलीकडच्या विभागात राहायला गेले. तिथे शेकडा चार. मागे कर भरणारे कमी उरले, म्हणून इथला दर नऊवर गेला. दर वाढला तशी आणखी माणसं गेली.

एका सकाळी मुलगा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "आई, पलीकडे एक खोली बघितलीय आम्ही."

"तुम्ही गेलात की इथल्यांवर आणखी बोजा पडेल."

"आम्ही थांबलो म्हणून कमी होणार आहे का?"

तिने त्याचा डबा फडक्यात बांधून दाराशी ठेवला.

"तूही चल," तो म्हणाला, पण नाडीकडे बघतच. खोली एकच होती, हे तिला सुनेकडून आधीच कळलं होतं.

"इस्पितळ लांब पडेल मला तिथून," ती म्हणाली. त्याने लगेच मान डोलावली.

रविवारी ती दोघं गेली. पुढच्या महिन्यापासून वकीलबाई आठवड्याला एक जादा पाळी करू लागली. त्या पाळीचेही शेकडा नऊ कापूनच हातात येत.