चाकाखालचं लिंबू
दादा गेला तो देगलूर रस्त्यावर. मोटारसायकलची चेन तुटून मागच्या चाकात अडकली. गाडीचा चेंदामेंदा झाला, इंजिनाला मात्र ओरखडाही नाही. ते घरी आणलं त्या दिवसापासून आई फाटकाबाहेर पडलेली नाही. लग्न नाही, दवाखाना नाही, शेजारणीकडचा चहासुद्धा नाही.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवतो. याच इंजिनावर छोटी चारचाकी बांधायची आणि आईला नांदेड फिरवून आणायचं, असं मी ठरवलं. दादाच्या इंजिनाला ती नाही म्हणणार नाही, एवढी खात्री होती.

इंजिन पुढे बसवलं. आता त्याची ताकद मागच्या चाकांपर्यंत न्यायची कशी? चेन सोपी, हलकी. मी तिच्यावरच अडून बसलो होतो. आई पायरीवर शेंगा फोडत माझी बडबड ऐकत होती.

"चेन नको, बापू. चेननंच नेलं त्याला."

विषय संपला. भंगारातून जुन्या व्हॅनचा मागचा अॅक्सल आणला, शाफ्टची फिरकी चाकांकडे वळवणाऱ्या डिफरन्शियलसकट, आणि इंजिनापासून तिथवर लोखंडी शाफ्ट टाकायला घेतला. तो मेला काही केल्या सरळ रेषेत येईना. वैतागून अॅक्सल पालथा घातला, तर लगेच जुळला. स्वतःचं फार कौतुक वाटलं.

गाडी फाटकाजवळ, रस्त्याकडे तोंड करून उभी केली. आईने पुढच्या चाकांसमोर लिंबं ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि मी काही म्हणायच्या आत शेजारी येऊन बसली. इंजिन चालू झालं. दादाच्या गाडीचाच जुना आवाज. आईने डोळे मिटले. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

गाडी मागे निघाली.

थांबवून दुसरा टाकला. पुन्हा मागेच. लिंबं जागच्या जागी. अंगणाचा चढ चढत गाडी सावकाश पत्र्याच्या शेडखाली गेली. तिथे जमिनीवर ऑइलचा काळा डाग आहे, दादाची मोटारसायकल वर्षानुवर्षं उभी राहायची त्याचा. बरोबर त्यावर इंजिन आपोआप बंद पडलं.

"त्याला जायचं न्हाई," आई शांतपणे म्हणाली. "घरला आला त्यो."

गाडी मागे का जाते, ते मला कळलं होतं. अॅक्सल पालथा घातला की चाकं उलटी फिरणारच, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. मी पाना घेऊन खाली वाकलो, तर आईने माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. म्होरं गेला की येत न्हाई त्यो."

"माय, तुला बाहेर न्यायला बांधली ही."

"बसले की मी हिच्यात."

मला तिचा राग आला, दादाचाही आला. पाना सीटखाली टाकून दिला.

आता रोज संध्याकाळी ती येऊन बसते. मी गाडी उतारावरून फाटकाकडे सोडतो आणि सुकलेल्या लिंबांच्या अलीकडे ब्रेक लावतो. ती क्षणभर रस्ता बघते, मग डोळे मिटून म्हणते, "चल." मी इंजिन चालू करतो, आम्ही मागे मागे येतो आणि डागावर ते बंद पडतं. प्लग बदलून पाहिला, कार्ब्युरेटर साफ केला. तरी तिथेच.

काल मात्र ते बंद पडलं नाही. डागावर उभं राहून नुसतं धडधडत होतं. आईने डोळे उघडायच्या आत मीच घाईघाईने चावी फिरवून ते बंद केलं.