राणीमाशीचं अंडं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला वाटायचं, मला मध आवडत नाही.

मी अमडापूरला हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. महाराष्ट्र नुकताच झाला होता, आणि माझी नोकरी दरवर्षीच्या नव्या ऑर्डरवर. नववीत मधमाश्यांचा धडा चालू असताना संस्थेचे अध्यक्ष मागच्या बाकावर येऊन बसले. मध्येच म्हणाले, "म्हंजे किड्यायतही जात जन्मानंच राह्यते ना, सर?"

नाही राहत — मला पक्कं ठाऊक होतं. राणी आणि कामकरी माशी एकसारख्याच अंड्यांतून निघतात. जिला शेवटपर्यंत खास खुराक मिळतो ती राणी होते, बाकीच्या राबतात. एवढंच तर सांगायचं होतं. आणि मी काय म्हणालो? — "हो साहेब, राणीचं अंडंच वेगळं." वर फळ्यावर दोन अंडी काढली, एक मोठं, एक लहान. ती काढायला कुणी सांगितलं होतं? पोटासाठी म्हणाल, तर पोट सगळ्यांनाच असतं.

वर्गात देवकी होती. गावाबाहेरच्या वस्तीतली एकटीच मुलगी. मजुरीपायी निम्मे दिवस गैरहजर, म्हणून कायम काठावर. नापास झाली तर शाळा बंद, हे तिच्या घरी ठरलेलं होतं — आणि मला ते माहीत होतं.

वार्षिक परीक्षेत तो प्रश्न मीच घातला. सगळ्यांनी माझी दोन अंडी उतरवली. तिने लिहिलं, राणी मेली तर माश्या साध्याच अंड्यातून दुसरी राणी घडवतात. बरोबर उत्तर वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायची आमची रीत. हे वाचलं असतं, तर माझं काय राहिलं असतं? मी लाल शाईनं काट मारली. तेवढ्याच गुणांनी ती नापास झाली.

जूनमध्ये मला कायमची ऑर्डर मिळाली. त्याच आठवड्यात तिचा बाप शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आला. झाडांवरची मोहोळं उतरवणारा माणूस. व्हरांड्याच्या पायरीखालीच उभा राहिला.

"काऊन नापास झाली, सर?"

मोहोळाचं उत्तर चुकलं, मी म्हणालो.

 तो म्हणाला, "मोहोळाचं तं म्याच सांगतलं होतं तिले. मंग चूक माहीच हाय, सर."

मी हो म्हणालो.