उपड्या दगडांची चूल

रोह्याच्या बाजारात पावसाळ्यात शेवळं आणि उन्हाळ्यात करवंदं घेऊन बसणारी जनी वाघमारे गिऱ्हाइकाशी फारसं बोलत नाही. कुणी घासाघीस करायला लागलं, की ती समोरच्या पानाच्या गादीकडे बघत बसते. गादीवाला पानाला कात लावतो, ते बघायला तिला आवडतं. खैराच्या झाडापासून कात काढायचे म्हणून कातकरी. पण साठ-पासष्ट वर्षांत जनीने कात पाहिला तो त्या गादीवरच, तोही रस्त्याच्या पलीकडून.

बाकी तिने बरंच पाहिलं होतं. पेणच्या वीटभट्ट्यांवर तीस हिवाळे काढले, दोन पोरं तिथेच जन्माला घातली. नागोठण्याला अंबेच्या पुरात गळ्याएवढ्या पाण्यातून चालत आली तेव्हा डोक्यावरची कोंबडीसुद्धा भिजू दिली नव्हती. अशी बाई, पण खाकी कपडा दिसला की जीभ टाळ्याला चिकटायची. हा तिचा स्वभाव नव्हता, शिकवण होती. तिच्या आजीने, मैनाने, तिला कंद ओळखायला शिकवले त्याच वयात आणखी दोन गोष्टी शिकवल्या. रानात चूल केलीस तर उठताना राख पसरायची आणि दगड उपडे करायचे, काळी बाजू मातीत. आणि खाकीवाल्याने काहीही विचारलं तरी उत्तर एकच, नाय. इंग्रजाने रान सरकारी केलं आणि खैराला हात लावणारा चोर ठरला, तेव्हापासूनची ही शाळा. इंग्रज गेला, शाळा चालूच राहिली.

गेल्या वर्षी तीच नडली. तिच्या कातकरवाडीने मागच्या डोंगरउतारावर वनहक्काचा दावा केला होता. पाहणीला साहेब आला, अंगात खाकी. वाडीत सगळ्यात म्हातारी म्हणून त्याने जनीला विचारलं, तुमची माणसं इथे कात काढायची का? जनी म्हणाली, नाय. चुली करायची? नाय. राहायची तरी? नाय. साहेबाने तिन्ही नाय लिहून घेतले, खाली तिचा अंगठा घेतला आणि दावा पुराव्याअभावी परत आला. आता उताराला तारेचं कुंपण पडणार असं कानावर येत होतं. म्हणजे कंद, शेवळं, करवंदं सगळं आत, आणि वाडी बाहेर.

जनीचा दीर हिरामण हा वाडीच्या वनहक्क समितीचा अध्यक्ष. तो वहिनीला एका शब्दाने बोलला नाही. फक्त तिच्या हातचा चहा प्यायचं सोडलं. त्यापेक्षा त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर जनीला बरं वाटलं असतं.

फेरपाहणी एका सोमवारी ठरली, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात मुंबईच्या एका कॉलेजातली बावीस मुलं वाडीवर येऊन थडकली. थडकली म्हणजे वडखळच्या नाक्यावर दोन तास अडकून, घामाघूम होऊन पोचली. गोऱ्या राजवटीने आदिवासींचं काय केलं याचा अभ्यास करायचा आणि जोडीला सेवाही करायची, असा बेत होता. सेवा म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी बांध घालायला फावडी उचलली. दुपारपर्यंत निम्म्यांच्या हातांना फोड आले आणि वाडीतल्या बायकांनाच त्यांची सेवा करावी लागली. दुसऱ्या दिवशी जनीने फावडी काढून घेतली. मग हिरामणने त्यांना जमेल असं काम दिलं: मोबाइलवर उताराचा नकाशा करा, झरे, देव, जुन्या खुणा, सगळं टाका त्यात. वाट वहिनी दाखवील, हे त्याने वहिनीकडे न बघता सांगितलं.

शुक्रवारी दुपारी सगळे उतारावर टेकले होते. दोन दिवसांत नकाशात एक झरा आणि शेंदूर फासलेला एक देव, एवढंच जमलं होतं. जनीने तीन दगड मांडून सगळ्यांना कोरा चहा केला. पिऊन झाल्यावर राख पसरली आणि दगड उपडे केले. मृणाली नावाची चष्मेवाली मुलगी हे बघत होती.

"आजी, दगड उपडे का केलेत?"

"सवय गो."

"तुमची?"

"माजी. आजीची. तिच्या आयशीचीबी."

मृणाली वहीत लिहीत होती, ती थांबली. "मग त्यांच्या चुलींचे दगड अजून उपडेच असतील ना?"

जनीला हसू येणार होतं, ते आलं नाही. वरच्या अंगाला दोन जुन्या खैरांच्या मधे दगडांच्या दोन लांब रांगा होत्या. कधीकाळचा बांध असेल, असं समजून ती लहानपणापासून त्यांच्यावर बसून दम खात आली होती. मैना बसू द्यायची. हलवू मात्र द्यायची नाही.

ती उठली आणि काही न सांगता वर चढली. मुलं मागोमाग. पहिला दगड मुळांनी धरून ठेवला होता. काठीने माती उकरून, दोन्ही हात खाली घालून जनीने तो उलटला.

खालची बाजू काळी होती. कालच विस्तव विझवल्यासारखी काळी, आणि कडांना भाजून लाल झालेली. वरच्या बाजूवर बोटभर शेवाळ साचलं होतं. पाठीवर किती पावसाळे पडले असतील कोण जाणे, पण पोटाला त्यातलं काही कळलंच नव्हतं. दुसरा उलटला, काळा. तिसरा, काळा. मग मुलांनीही हात लावले. एका रांगेत बारा, दुसरीत बारा. मधल्या चरात कोळसा आणि मडक्यांची खापरं. खैराचे तुकडे उकळून कात काढायला बारा मडकी एका वेळी रटरटत ठेवणारी चूल होती ती.

दर झाडाखाली फोटो काढणाऱ्या त्या बावीस जणांपैकी कुणाचाही हात मोबाइलकडे गेला नाही. जनी काळ्या बाजूवर तळवा ठेवून बसली. मग म्हणाली, "लय हुशारीनं लपवलं गो आमी. आमालाच सापडंना."

सोमवारी तोच साहेब उतारावर आला. मुलांनी नकाशा, फोटो, सगळं तयार ठेवलं होतं. त्याने ते बघितलं आणि कागद उलटून म्हणाला की ठीक आहे, पण बाई, मागच्या जबाबात तुम्ही नाही म्हणालात. हे सांगताना त्याने एक पाय रांगेतल्या एका दगडावर ऐसपैस टेकवला होता.

जनीची जीभ टाळ्याला चिकटली. हिरामण जमिनीकडे बघत होता.

"व्हय," जनी म्हणाली.

"काय व्हय?"

"खैर तोडला. कात काढला. चूल केली, ऱ्हायलो हितंच. आमीच."

"आम्ही म्हणजे कोण? नावं सांगा."

"मैना. तिची आयस. त्याम्होरली नावं ठाव नायत. त्यांच्यावर तुमी पाय ठेवलाय."

साहेबाने पाय खाली घेतला. खाली बसला, एका दगडाची काळी बाजू अंगठ्याने घासून बघितली, आणि मग बराच वेळ लिहीत राहिला. जाताना म्हणाला, निकाल वरून येईल, वेळ लागेल. पण मागचे तीन नाय त्याने जनीसमोर खोडले, आणि खाडाखोडीशेजारी तिचा अंगठा घेतला.

मुलं दुपारीच निघाली. उतारावर हिरामण आणि जनी दोघंच उरले. हिरामण खैराला टेकून बसला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "वहिनी, चहा टाक."

तिने टाकला. तो प्याला, शेवटच्या घोटापर्यंत. उठताना जनीचा पाय सवयीने चहाच्या चुलीच्या दगडाकडे गेला. एक दगड तिने उपडा केलाही. मग थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि त्याची काळी बाजू पुन्हा वर करून ठेवली. राखही पसरली नाही.

वाडीपर्यंत उतरताना दोनदा मागे वळून तिने खात्री मात्र करून घेतली, कुणी बघत तर नाही ना.