शेठजींच्या भिंतीवर बाबांचं नाव

आमच्या तालुक्याच्या गावात शेठजींच्या घराण्याचं नाव नसलेली भिंत कुणी शोधून दाखवावी. कापसातली सरकी काढायच्या जिनिंगच्या धंद्यात तीन पिढ्या गेल्या आणि तिन्ही पिढ्यांना दानाचा नाद. शाळेची खोली, दवाखान्यातला बाक, स्मशानातलं शेड, सगळीकडे त्यांचं कुणीतरी कैलासवासी हजर. बसस्टँडवरच्या पाणपोईत दोन उन्हाळे पाण्याचा थेंब नव्हता, पण तिच्यावरचं नाव दर दिवाळीला ताज्या रंगात. हे मला खात्रीने माहीत आहे, कारण ते नाव माझे बाबाच रंगवायचे.

बाबा पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकमागची वाक्यं आणि शेठजींचे पूर्वज, एवढ्यावर आमचं घर चाललं. 'यांच्या स्मरणार्थ' ते डोळे मिटूनही लिहू शकत.

थोरल्या शेठजींना म्हातारपणी चित्रांचं वेड लागलं. मुंबईहून, कलकत्त्याहून चित्रं यायची. कापूस पारखावा तसा शेठजी कॅनव्हासचा कोपरा चिमटीत धरून चोळायचे आणि मान डोलवायचे. चित्राकडे बघायचे की नाही, देव जाणे. एकदा पाटीचं काम सांगायला ते आमच्या दुकानात आले आणि बाबांनी पत्र्यावर रंगवलेला कापसाचा बाजार बघून थबकले. बैलगाड्या, कापसाच्या गंज्या, झाडाखाली चहा पिणारे हमाल. पत्र्यात चोळण्यासारखं काही नव्हतं म्हणून असेल, पण बराच वेळ नुसते बघत राहिले. मग ते चित्र सोबत घेऊन गेले. बाबांना त्याचा आजही अभिमान आहे.

शेठजी वारले. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कारखाना असलेल्या त्यांच्या नातवाने मागच्या वर्षी जुन्या जिनिंगमध्ये कलादालन काढायचं ठरवलं. मी शाळेत शिकवते, म्हणून माहितीफलकांचं मराठी तपासायला मला बोलावलं. बाबांच्या चित्राखाली लिहायचं ठरलं होतं, 'अज्ञात लोककलावंत'. हा अज्ञात इसम रोज सकाळी त्याच जिनिंगच्या फाटकासमोरून दूध आणायला जातो आणि चौकीदाराशी दहा मिनिटं गप्पा मारतो. घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"जिंदगीभर त्याईचीच नावं लिवली," ते म्हणाले. "एकडाव आपलं लागलं तं बरं वाटीन मले."

ऐंशीच्या घरातल्या या माणसाने माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. मी दुसऱ्याच दिवशी शेठजींच्या घराण्याच्या ट्रस्टच्या मॅनेजरकडे गेले. त्याने एक फॉर्म पुढे सरकवला. ट्रस्टच्या भिंतीवर कुठलंही नाव त्याच छापील फॉर्मवरून चढतं, आणि त्यात नावाच्या रकान्यात आधीच 'कै.' छापलेलं. बरोबरच आहे. या घराण्याने भिंतीवर जिवंत माणूस लावलाच नव्हता कधी. मी 'कै.'वर दोन रेघा मारल्या, वर 'हयात' लिहिलं आणि तोंडीही सांगितलं.

"समजलं ना मॅडम. कायले टेन्शन घेता," मॅनेजर म्हणाला.

उद्घाटनाला बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले. आमच्या घराण्याने कलावंतांना कायम जपलं, असं नातू भाषणात म्हणाला, आणि आजवर जपलेले सगळे कलावंत त्याच्यामागे हार घातलेल्या फोटोंत होते. फीत कापल्यावर बाबा थेट आपल्या चित्रापुढे गेले. खाली नवी पितळी पट्टी होती. तिच्यावर आधी 'कै.' आणि मग बाबांचं पूर्ण नाव.

माझं डोकं फिरलं. मी मॅनेजरला हाताला धरून आणलं. त्याने पट्टीकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि त्यांना वाकून नमस्कार केला.

"बदलून देतो मॅडम. पण ट्रस्टींच्या सह्या लागतात. तोवर पट्टी उतरवून ठेवा लागन."

"उतरवा," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

बाबांनी माझा दंड धरला. चष्मा पुसून त्यांनी आपलं नाव पुन्हा एकदा वाचलं, अक्षरांवरून बोट फिरवलं.

"नको. एकडाव उतरवलं तं हे लोक परत चढवत नाहीत, चाळीस वर्सं पाह्यलं मी त्याईले," ते म्हणाले. "राहू दे. आज ना उद्या बराबर होतेच ते."